आवाजावर फोन लावणे : मायचा सात महिन्यांचा अनुभव

माझ्या मायला आकडे कळतात, बाजाराचा हिशोब ती तोंडी करते, पण नाव वाचता येत नाही. म्हणून मागच्या पोळ्याला दिग्रसच्या एका दुकानातून तिला साडेआठ हजारांचा टचफोन घेऊन दिला. दुकानदार म्हणाला, "आजीले फक्त बोला लागते, फोन आपोआप लागते."

पहिल्याच दिवशी माय बोलली, "काये मामाले फोन लाव." उत्तर आलं, या नावाचं कोणी सापडलं नाही. आता आमच्याकडे 'ळ'चा 'य' होतो. काळा तो काया, डोळा तो डोया, जवळ ते जवय. मग काळे मामा काये मामाच होणार ना! मी शाळेतल्या मास्तरसारखं "काळे मामांना फोन लाव" म्हणालो, लगेच रिंग गेली. मायला वाटलं, फोन माणूस पाहून वागतो.

खरं सांगायचं तर तिचा पंधरा वर्षांपूर्वीचा बटणाचा फोन या बाबतीत बरा होता. त्यात नाव तिच्याच आवाजात भरून ठेवावं लागायचं. मराठी, इंग्रजी त्याला काहीच कळत नव्हतं. आधी भरलेला आवाज अन् आत्ताचा आवाज जुळतो का, एवढंच पाहायचा. 'काये' भरलं तर 'काये'च बरोबर. अर्थात सर्दी झाली की तो मायलाही ओळखत नसे, मी बोललो तर मुळीच नाही, अन् थोडी नावं भरली की जागा संपायची.

नवा फोन आधी बोलणं अक्षरात उतरवतो, मग ते नाव यादीत शोधतो. घोळ तिथंच आहे. भाच्यानं सगळी नावं इंग्रजी अक्षरांत भरली होती अन् भाषाही इंग्रजीच ठेवली होती. मग के-ए-एल-ई म्हणजे काळे हे त्याला कसं कळावं? तो 'केल' म्हणायचा. मराठी केल्यावर, नावं देवनागरीत भरल्यावर निम्मा त्रास गेला. पण गजाननाचं काय करणार? गजानन महाराजांचं शेगाव आमच्या विदर्भातलंच, त्यामुळे यादीत पाच गजानन. "गजाननले लाव" म्हटलं की तो विचारतो, कोणता? अन् पाचही नावं पडद्यावर दाखवतो. वाचता येत असतं तर फोन घेतला असता कशाला!

एकदा रात्री अकराला डीपीचा फ्यूज उडाला. ओलिताची पाळी आमची, मी वावरात. मायनं घरून वायरमनला लावायला सांगितलं. फोन लागला 'व्याही महागाव' यांना. एवढ्या रात्री विहिणीचा फोन पाहून व्याही घाबरून उठले, पहिलाच प्रश्न, "कोन गेलं?" माय म्हणे, "लाईन गेली." आता वायरमनचं नाव 'बिजलीवाला' ठेवलं आहे. बाबा, दादा, काका अशी दोन अक्षरी नावंही एकमेकांत गुंततात. त्यांच्यापुढं गावाचं नाव जोडा.

वावरात मात्र आशा ठेवू नका. आमच्या फोनला त्यासाठी नेट लागतं अन् तिथं टॉवरची एकच कांडी. कापूस वेचून बोटं सोललेली असतात, पडदा बोट धरत नाही, अशा वेळी आवाजाची खरी गरज असते, अन् नेमकं तेव्हाच चाक फिरत बसतं. म्हणून पाचपैकी तीनच तारे.

शेवटी एका रविवारी मायला शेजारी बसवलं अन् ती जसं बोलते तसं एकेक नाव नव्यानं लिहिलं. संध्याकाळी ती अंगणात गेली, फोन तोंडाजवळ धरून बोलली. आतून बाईचा गोड आवाज आला, "काये मामा यांना कॉल करत आहे."

माय मला म्हणाली, "पाय, आता कशी बराबर बोलली."