पोलादी बोट, तेलातला कंपास आणि तो वायपर

विकणारा म्हणतो कंपास उत्तम आहे, खोट तुमच्या बोटीत आहे. वेल्डिंग करणारा यार्डवाला म्हणतो बोट ठणठणीत आहे, कंपास बदलून घ्या. या दोघांच्या फोनाफोनीत माझा बराचसा हंगाम गेला, म्हणून हे लिहायला बसलोय. तेलात तरंगणारी तबकडी, दर 5 अंशांना रेघ, रात्रीसाठी दिवा, बाजूला दुरुस्तीचे दोन स्क्रू, हे सगळं माहितीपत्रकात आहे आणि त्यातलं काही खोटं नाही. माझं भांडण पत्रकात न छापलेल्या गोष्टींशी आहे.

आधी कंपासची बाजू. बोटीवर चढवण्यापूर्वी तो लोखंडापासून दूर, लाकडी टेबलावर ठेवून पाहिला. जवळ चावी नेऊन तबकडी थोडी हलवायची, चावी झटकन दूर न्यायची आणि तबकडी पुन्हा त्याच आकड्यावर येते का ते बघायचं. तबकडी ज्यावर फिरते ती आतली टोकदार खुंटी झिजलेली असेल तर तबकडी त्या आकड्याच्या अलीकडेच कुठेतरी अडकते. माझ्याकडची प्रत्येक वेळी अर्ध्या अंशाच्या आत परत आली. उगाच डुलत राहिली नाही की आळसावलीही नाही. इथवर पाचपैकी पाच.

मग तोच कंपास व्हीलहाऊसमध्ये, म्हणजे सुकाणूच्या केबिनमध्ये, सुकाणूसमोर बसवला. बोटीचं तोंड चुंबकीय पूर्वेला, म्हणजे 90 अंशांवर धरलं, तर हा 112 दाखवतोय. पश्चिमेला, 270 वर धरलं, तर 251. उत्तर-दक्षिणेला चूक पाच-सहा अंशांवर थांबत होती. पहिल्यांदाच पोलादी बोट घेतलेल्या माणसाला इथे कंपास परत पाठवावासा वाटेल. पाठवू नका, नवा आला तरी तो हेच आकडे दाखवेल.

बोट बांधली जात असताना महिनोन्‌महिने एकाच दिशेला तोंड करून पडून असते. तेवढ्या काळात पत्र्यांवर जी ठोकाठोक, वाकवणं आणि वेल्डिंग होतं, त्याने पृथ्वीचं चुंबकत्व पोलादात भिनतं, आणि बोट पाण्यात उतरते तीच एक मोठं चुंबक होऊन. लाकडी आणि फायबरच्या बोटींना हा त्रास जवळजवळ नसतो, त्यांना फार तर इंजिन आणि साखळी सांभाळावी लागते. त्यात माझं व्हीलहाऊस चारही बाजूंनी पोलादी. अशा डब्यात पृथ्वीचं आडवं क्षेत्र बाहेरच्यापेक्षा कमी पोहोचतं, म्हणजे तबकडीला उत्तरेकडे ओढणारा जोरच कमी आणि बोटीचं स्वतःचं चुंबक तर हाताच्या अंतरावर.

यातली नियमितता मला आवडली. कायमच्या चुंबकत्वाची चूक बोट पूर्ण गोल फिरली की एकदा पूर्वेकडे आणि एकदा पश्चिमेकडे जाते. 1838 साली ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांनी लंडनजवळ डेप्टफर्डला ‘रेनबो’ या लोखंडी आगबोटीवर प्रयोग करून दाखवलं की कंपासजवळ नेमून ठेवलेल्या चुंबकांनी आणि लोखंडाच्या तुकड्यांनी ही चूक मारता येते. माझ्या कंपासचे ते दोन स्क्रू म्हणजे याच युक्तीची छोटी आवृत्ती. एक नाळेपासून, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकापासून, मागच्या टोकापर्यंतच्या रेषेतलं चुंबक फिरवतो, दुसरा आडव्या रेषेतलं. पूर्वेला तोंड करून सगळी चूक काढायची, पश्चिमेला वळून उरलेल्यातली फक्त निम्मी, मग उत्तर-दक्षिणेला दुसऱ्या स्क्रूने तेच. स्क्रूड्रायव्हर पितळी हवा. सोबत दिलेला प्लॅस्टिकचा होता, त्याचं टोक दुसऱ्या वळणालाच चेपलं. एवढ्या चांगल्या यंत्रासोबत असली खेळण्यातली वस्तू द्यायची म्हणजे काय म्हणायचं! अर्धा गुण तिथेच गेला.

खऱ्या दिशेसाठी जीपीएसवर विसंबू नका. तो बोट कुठे सरकते आहे ते सांगतो, तिचं तोंड कुठे आहे ते नाही. प्रवाह आणि वारा बाजूने असले तर दोन्हींत सहज पाच-दहा अंशांचं अंतर पडतं. नकाशावरच्या दोन ठळक खुणा एका रेषेत धरणं हा भरवशाचा मार्ग. दुसरा फुकटचा मार्ग सूर्य. या कंपासच्या काचेच्या मध्यावर सावलीची बारीक काडी बसवायला भोक आहे आणि ती काडी डब्यात येते. काडीची सावली तबकडीवर ज्या अंशावर पडेल त्याच्या बरोबर उलट सूर्य. नाविक पंचांगातून त्या क्षणाची सूर्याची दिशा काढायची, तिथलं व्हेरिएशन (खरी उत्तर आणि चुंबकीय उत्तर यांतला फरक) लावायचं आणि फरक पाहायचा. सूर्य बराच वर असला तर हे जमत नाही, सकाळ-संध्याकाळ मात्र झकास जमतं. पूर्ण पत्रकात या काडीवर एक ओळ आहे. मला विचाराल तर या पैशात मिळालेली सर्वांत मोलाची वस्तू तीच, कारण तिच्यामुळे वर्षभर कुणाला फी न देता कंपास तपासता येतो.

या सगळ्यानंतर मुख्य दिशांना चूक एका अंशावर आली. ईशान्य, आग्नेय, नैऋत्य, वायव्य या उपदिशांना मात्र चार अंश उरले: ईशान्य आणि नैऋत्येला पूर्वेकडे, आग्नेय आणि वायव्येला पश्चिमेकडे. हे कायमच्या चुंबकाचं काम नव्हे. बोटीतलं मऊ लोखंड पृथ्वीच्या क्षेत्रात तात्पुरतं चुंबक बनतं आणि बोट वळली की तेही बदलतं. मोठ्या जहाजांच्या कंपासशेजारी दोन्ही बाजूंना लोखंडी गोळे दिसतात ते याच्यासाठी. शास्त्रज्ञ लॉर्ड केल्विन यांच्या बिनॅकलमुळे, म्हणजे कंपास बसवायच्या खांबामुळे, ते सगळीकडे पसरले. माझ्या कंपासला गोळे लावायची सोय नाही. चार अंशांचा तक्ता लिहून शेजारी चिकटवला. साठ मैलांत एक अंश म्हणजे साधारण एक मैल, हा हिशोब लक्षात ठेवला तर चार अंश सोसण्यासारखे आहेत, तक्ता वाचला तर.

तेव्हा लिहायला बसलो असतो तर कौतुकाची दोन पानं लिहिली असती. पण मग रेलिंगचं वेल्डिंग झालं.

व्हीलहाऊसच्या कोपऱ्याशी रेलिंगचा एक खांब गंजला होता, तो बदलला. काम छोटं. वेल्डरने अर्थचा क्लॅम्प खांबाजवळ लावण्याऐवजी समोरच्या बाजूला लावला, त्यामुळे वेल्डिंगचा शे-दीडशे अँपिअर प्रवाह व्हीलहाऊसच्या पत्र्यांतूनच गेला असणार. पुढच्या सफरीला सावलीच्या काडीने पाहिलं तर आग्नेयेला अकरा अंशांचा फरक. यार्डने ‘वेल्डिंगने कंपास बिघडत नाही’ असं लेखी कळवलं. शब्दशः खरं आहे, कंपास बिघडलाच नव्हता, तो पुन्हा काढून टेबलावर ठेवला तर जसाच्या तसा होता. बिघडलं होतं त्याच्याभोवतीचं पोलाद. विकणाऱ्याला विचारलं तर तो ‘पोलादी बोटीसाठी योग्य’ या पत्रकातल्या शब्दांवर बोट ठेवत राहिला. योग्य आहे हो, पण प्रत्येक वेल्डिंगनंतर, वीज पडल्यानंतर, बोट बराच काळ एका दिशेला बांधून ठेवल्यानंतर त्याला पुन्हा जुळवावं लागतं, हे त्याच पत्रकात कुठे आहे?

हा वाद नवा नाही. 1854 च्या जानेवारीत ‘टेलर’ हे नवं कोरं लोखंडी जहाज लिव्हरपूलहून मेलबर्नकडे पहिल्याच सफरीवर निघालं. आपण दक्षिणेला चाललोय असं त्यावरच्या लोकांना वाटत होतं, प्रत्यक्षात ते पश्चिमेकडे ओढलं गेलं आणि डब्लिनजवळच्या लॅम्बे बेटावर आपटलं. तीनशेहून जास्त माणसं गेली. त्यानंतर ध्रुवीय संशोधक विल्यम स्कोर्स्बी आणि एअरी यांच्यात चांगलीच जुंपली. एअरींचा भर चुंबकं लावून चूक मारण्यावर. स्कोर्स्बी म्हणत की लाटांच्या माराने नव्या जहाजाचं चुंबकत्वच बदलतं, मग लावलेली चुंबकं घातक ठरतात, त्यापेक्षा एक कंपास लोखंडापासून लांब, डोलकाठीवर उंच ठेवा. ते पडताळायला 1856 मध्ये स्कोर्स्बी स्वतः ‘रॉयल चार्टर’ या जहाजावरून ऑस्ट्रेलियाला गेले. आजही मोठ्या जहाजांचा मुख्य कंपास ब्रिजच्या, म्हणजे जहाज चालवतात त्या खोलीच्या, छतावर असतो आणि नळीतल्या आरशांतून खाली सुकाणूवाल्याला दिसतो. माझ्या व्हीलहाऊसच्या छतावर तेवढी नळी बसवायची तर कंपासच्या कित्येक पट खर्च. विचार सोडला.

शेवटी ॲडजस्टर, म्हणजे कंपास जुळवून देणारा माणूस, बोलावला. त्याची फी कंपासच्या किमतीपेक्षा जास्त निघाली. माणूस मात्र कामाचा. आल्याआल्या त्याने कंपासकडे पाहिलंच नाही. व्हीएचएफ रेडिओच्या हँडसेटचा स्पीकर, माझ्या मोबाइलच्या कव्हरातलं चुंबक, खणातली पक्कड, सगळं लांब ठेवायला लावलं. वेल्डिंग ताजं असल्याने इंजिन आणि लाटांच्या धक्क्यांनी काही चुंबकत्व आपोआप उतरेल, म्हणून थोड्या आठवड्यांनी पुन्हा तपासा, असंही बजावलं. मग स्विंग केला, म्हणजे बोट एकेका दिशेला फिरवून चूक मोजली, आणि तक्ता नव्याने दिला. सगळ्या दिशांना तीन अंशांच्या आत.

आणि वायपर? त्याचा शोध याच दिवशी लागला. इतके महिने मला वाटायचं की पावसात तबकडी वेड्यासारखी वागते. ओल आत गेली असेल, तेल पातळ झालं असेल, काय काय शंका घेतल्या. पुन्हा गंमत अशी की उत्तरेला जाताना पावसातही काही होत नसे, पूर्वेला किंवा पश्चिमेला वळलं की सात-आठ अंशांची उडी. ॲडजस्टरने वायपरचं बटण दाबलं, सोडलं, परत दाबलं आणि काचेच्या वरच्या चौकटीकडे बोट दाखवलं. वायपरच्या मोटरला जाणारी तार कंपासच्या बरोबर वरून, वीतभर अंतरावरून आडवी गेलेली, आणि परतीची तार भलत्याच वाटेने, खालून. वीस सेंटिमीटरवरच्या तारेतून 4 अँपिअर गेले की कंपासपाशी 4 मायक्रोटेस्लाचं क्षेत्र तयार होतं. व्हीलहाऊसच्या आत पृथ्वीचं आडवं क्षेत्र 30 मायक्रोटेस्ला धरलं तरी तबकडी साडेसात अंश कलते. आडव्या तारेचं हे क्षेत्र नाळेच्या रेषेत येतं, म्हणून तोंड उत्तरेला असताना ते सुईला समांतर राहतं आणि काही बिघडवत नाही, पूर्व-पश्चिमेला मात्र सगळा जोर लावतं. मोटरमधलं चुंबक बंद असतानाही चुंबकच असतं, ते तक्त्यात आलेलं आहे. तारेतला प्रवाह तक्त्यात येणं शक्यच नाही, कारण स्विंग करताना कोण वायपर चालू ठेवतो?

म्हणजे दिसेनासं झालं, पाऊस लागला, कंपासची सर्वांत जास्त गरज पडली की नेमका तेव्हाच तो चुकणार. हे मला अजून पचत नाही. दोन्ही तारा एकमेकींना पीळ देऊन एकत्र नेल्या की त्यांची क्षेत्रं एकमेकांना मारतात आणि प्रश्न संपतो. अर्ध्या तासाचं काम, वायपर बसवणाऱ्याला ते सुचलं नाही. पीळ दिल्यावर बटण दाबा, सोडा, तबकडी हलत नाही. दर पावसाला मी अजूनही बटण दाबून तबकडीकडे बघतो.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. उत्तरेला किंवा दक्षिणेला जाताना बोट डुलली की तबकडी तिच्याबरोबर इकडून तिकडे झुलते, पूर्वेला जाताना नाही. ही झुकण्याची चूक. बोट कलली की आजवर सरळ खाली असलेलं लोखंड तिरकं होतं आणि त्याचा उभा ओढा तबकडीवर बाजूने लागतो. मोठ्या बिनॅकलमध्ये कंपासच्या बरोबर खाली उभ्या चुंबकांची बादली असते. या मॉडेलला तशी जागा नाही आणि पोलादी बोटीसाठी म्हणून विकताना हे सांगायला हवं होतं. शांत पाण्यात फरक पडत नाही, लाटेत मी झुलत्या आकड्यांच्या मधला धरतो.

मग सॅटेलाइट कंपास का नाही, असं विचारणारे भेटतातच. दोन अँटेना, चुंबकत्वाशी संबंध नाही, वेल्डिंग करा की वायपर चालवा, त्याला सोयरसुतक नाही. वीज गेली की मात्र तो फक्त एक पांढरं भांडं. फ्लक्सगेट या इलेक्ट्रॉनिक चुंबकीय कंपासला वीजही लागते आणि तो याच क्षेत्रात बसलेला असल्याने बोटीच्या चुंबकाला तोही तितकाच भुलतो, फरक एवढाच की संथ गोल फिरून स्वतःची दुरुस्ती स्वतः करतो. सोलास या जहाजांच्या सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या नियमांतही विजेविना चालणारा, नीट जुळवलेला कंपास किंवा तसंच दुसरं साधन मागितलेलं आहे, उरलेल्या चुकीच्या तक्त्यासह. माझं चार्टप्लॉटरचं (नकाशा दाखवणाऱ्या स्क्रीनचं) फ्यूज एकदा रात्री उडालं आणि तेव्हा हाच होता, त्यामुळे काढून टाकणार नाही.

पाचपैकी साडेतीन. फायबरच्या बोटीवाल्यांनी डोळे मिटून घ्यावा. पोलादीवाल्यांनी ॲडजस्टरची फी किमतीत धरूनच तुलना करावी, आणि बसवण्याआधी आसपासच्या प्रत्येक बटणाला एकेकदा दाबून पाहावं. यार्डचं उरलेलं बिल मी अजून दिलेलं नाही. ॲडजस्टरची पावती त्यांना पाठवली आहे आणि तेवढी रक्कम वळती करा असं लेखी कळवलंय. उत्तर आलं की इथे लिहीन.