हर्णै बंदरावर आलेली मॅमोग्राफीची गाडी

मी हर्णैची अंगणवाडी सेविका. मॅमोग्राफीची, म्हणजे स्तनांचा एक्स-रे काढणारी गाडी येणार हे कळल्यावर पाजपंढरीतल्या बायकांना गोळा करून नेलं आणि स्वतःचीही तपासणी करून घेतली.

सगळ्यात आवडली ती हाताने केलेली तपासणी. तपासणाऱ्या ताईंनी बोटांच्या पेरांनी दोन्ही स्तन, काखा, गळ्याच्या हाडाजवळचा भाग सावकाश चाचपला. "मशीन असताना हाताने कशाला?" असं एक काकू म्हणाल्या. हाताला कमी लेखू नका. मुंबईच्या टाटा मेमोरियल या कर्करोग रुग्णालयाच्या डॉ. इंद्रनील मित्रांनी १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांतल्या सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास केला. त्यातल्या निम्म्या बायकांना प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासलं. निष्कर्ष २०२१ मध्ये आले: पन्नाशीपुढच्या बायकांत स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी. पन्नाशीच्या आत मात्र तसा फायदा दिसला नाही. आमच्या गावात मॅमोग्राफीचं मशीन कायमचं कधी येईल कोण जाणे. अशी शिकलेली बाई मात्र प्रत्येक उपकेंद्रात बसू शकते.

मशीनवर प्रत्येक बाजूचे दोन फोटो काढतात, एक वरून आणि एक तिरका. मशीनमध्ये स्तन दाबताना कळ येते, पण काही सेकंदच. नीट दाबलं की आतला भाग पसरतो, चित्र स्वच्छ येतं, किरणही कमी लागतात. हे ताईंनी आधीच सांगितल्यामुळे कुणी घाबरलं नाही.

रिपोर्टच्या बाबतीत मात्र मी नाराज आहे. इंग्रजी कागद हातात दिला, समजावायला कुणी नाही. शेजारच्या वहिनींच्या कागदावर 'बायरॅड्स ०' होतं. बायरॅड्स म्हणजे मॅमोग्राफीचा निष्कर्ष सांगणारा आकडा. बिचारी रात्रभर रडली. शून्य म्हणजे चित्र अपुरं, आणखी तपासणी हवी, एवढंच. त्यांच्या स्तनाची घडण दाट. दाट भाग फोटोत पांढरा दिसतो आणि गाठही पांढरीच, म्हणून सोनोग्राफी सांगितली होती. दापोलीला जाऊन केली, साधी पाण्याची गाठ निघाली. हे दोन वाक्यांत मराठीत सांगायला काय हरकत होती?

पुढच्या वेळी मासळीच्या लिलावाची वेळ टाळून या, निम्म्या बायका तिथेच अडकल्या होत्या. जाणाऱ्यांनी काखेत पावडर लावू नका, तिचे कण फोटोत ठिपक्यांसारखे उमटतात. गाऊनपेक्षा साडी बरी, नुसता ब्लाऊज काढून भागतं. आणि जुना रिपोर्ट असेल तर तो आठवणीने न्या.