रिस्टार्ट की रिसेट?
नेट गेलं की आमच्याकडे पहिला हात जातो राउटरच्या मागच्या रिसेटच्या बारीक भोकाकडे. थांबा. रिस्टार्ट म्हणजे बटण बंद, अर्धा मिनिट दम, परत चालू. सेटिंग जशीच्या तशी. अडकलेला राउटर बहुतेकदा एवढ्यानेच ताळ्यावर येतो. रिसेटला टाचणी 10-15 सेकंद दाबून धरली की वायफायचं नाव, पासवर्ड सगळं साफ. पीपीपीओई जोडणी (नेटवाल्याने दिलेलं युजरनेम-पासवर्ड टाकून चालणारी) असेल तर तिचं युजरनेमही. ते वहीत नसेल तर फिरा नेटवाल्याच्या मागे. मी हा उद्योग रविवारी केला होता, सोमवार संध्याकाळपर्यंत घर सुनं! राउटरच्या लॉगिनचा पासवर्डच विसरलात तर रिसेट ठीक. फायबरच्या डब्यावर एलओएसचा (सिग्नल येत नसल्याचा) लाल दिवा लुकलुकतोय? मग दोन्ही व्यर्थ. वायर कुठेतरी तुटली, दुमडली किंवा सैल झाली असणार.