साच्यातील आवृत्ती की हाताने घडवलेले शिल्प? मुंबईतील घरासाठी सिरॅमिक शिल्प निवडताना

मर्यादित आवृत्तीचे सिरॅमिक शिल्प घ्यायला निघालेल्या मुंबईकरासमोर साधारणपणे दोन प्रकार येतात : प्लॅस्टरच्या साच्यात पातळ माती ओतून काढलेली क्रमांकित शिल्पे, आणि मातीच्या वळकट्या किंवा थापलेले तक्ते जोडून हाताने घडवलेली शिल्पे. दोन्हींना ‘हस्तनिर्मित’ म्हणतात आणि ते खोटेही नाही, कारण साच्यातून निघालेल्या नगाचेही सांधे हातानेच घासावे लागतात. पण दोहोंमागचे श्रम सारखे नाहीत.

प्लॅस्टर पाणी शोषून घेत असल्याने साच्याच्या आतून मातीचा थर जमतो आणि उरलेली माती ओतून टाकली जाते. त्यामुळे नग पातळ, हलका आणि एकसारखा निघतो. साचा वापराने झिजतो, बारकावे बोथट होतात, म्हणून एकाच साच्यातले सुरुवातीचे नग अधिक रेखीव असतात. मात्र मूळ नमुना शाबूत असेल तर नवा साचा केव्हाही करता येतो. आवृत्ती संपल्यावर नमुना आणि साचे नष्ट केले जाणार आहेत का, हे लेखी घेतल्याशिवाय तळाशी लिहिलेल्या ‘७/२५’ला, म्हणजे पंचविसांपैकी सातवा नग या क्रमांकाला, फारसा अर्थ राहत नाही.

हाताने घडवलेल्या पाच शिल्पांच्या आवृत्तीत पाचही नग एकमेकांपासून थोडे वेगळे असतात आणि माझ्या मते तेच त्यांचे खरे मोल आहे. स्टोनवेअरची, म्हणजे उच्च तापमानाला भाजून दगडासारखी घट्ट होणारी माती वाळताना व भाजताना मिळून साधारण दहा-बारा टक्के आकसते. जाड आणि पातळ भाग एकत्र आले की सांधे तडकतात, आणि भट्टीत गमावलेल्या नगांची किंमत उरलेल्यांवर चढते. ही वाढीव किंमत मला रास्त वाटते.

मुंबईपुरते बोलायचे तर घडणीइतकेच भाजणीचे तापमानही विचारात घ्यावे. साधारण १००० ते ११५० अंश सेल्सिअसला भाजलेली माती (टेराकोटा याच गटातली) सच्छिद्र राहते, तर १२०० ते १३०० अंशांना भाजलेले स्टोनवेअर घट्ट होऊन पाणी जवळजवळ शोषत नाही. समुद्राजवळच्या उघड्या गॅलरीत ग्लेझ (भाजून बसवलेला काचेसारखा लेप) नसलेल्या टेराकोटावर पावसाळ्यानंतर लोणा धरू शकतो, म्हणून धारावीच्या कुंभारवाड्यातली सुंदर आणि तुलनेने स्वस्त टेराकोटा घरात, ओल नसलेल्या भिंतीशी ठेवावी. राकू या जपानी पद्धतीची, म्हणजे भट्टीतून तापलेली असतानाच बाहेर काढलेली भांडी-शिल्पेही सच्छिद्रच असतात. त्यांत पाणी घालून फुले ठेवू नयेत.

पारख अवघड नाही. माठ घेताना मारतो तशी टिचकी मारावी. आवाज बद्द आला तर तडा असण्याची शक्यता धरावी. तळाच्या ग्लेझ नसलेल्या भागावर पाण्याचा थेंब ठेवून तो किती लवकर मुरतो ते पाहावे. सही ओल्या मातीत कोरलेली असेल तर ती भाजण्यापूर्वीची, म्हणजे अधिक विश्वासार्ह. जहांगीर आर्ट गॅलरीसारख्या ठिकाणी प्रदर्शनात कलाकार बहुधा स्वतः उपस्थित असतो. तापमान आणि साच्याविषयी त्यालाच विचारावे.

तेवढ्याच पैशांत साच्यातले तीन लहान नग किंवा हाताने घडवलेले एक स्टोनवेअर शिल्प मिळत असेल, तर मी एकच शिल्प घ्यायला सांगेन. भिंतीवरच्या अरुंद, कमी वजन पेलणाऱ्या फळीसाठी मात्र साच्यातला हलका नग अधिक योग्य ठरतो. तो तळाशी मेणाने चिकटवून ठेवावा, म्हणजे वाऱ्याने किंवा हादऱ्याने सरकत नाही.