निर्जन मुलखातलं बाइकपॅकिंग: कोणत्या सामानावर भरवसा ठेवावा?

बाइकपॅकिंग म्हणजे सायकलवरच तंबू-सामान बांधून केलेली भटकंती. तिच्या सामानाची चर्चा बहुतेक वेळा वजनावर येऊन थांबते. ही बॅग 300 ग्रॅमची, ती 450 ची, मग पहिलीच घ्या. गावं लागत जाणाऱ्या दोन दिवसांच्या वाटेवर हा हिशोब ठीक आहे. पण ताजिकिस्तानातल्या पामीर महामार्गावरची 4,655 मीटर उंचीची अक-बैताल खिंड ओलांडायची असेल, बोलिव्हियाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातली वाळू तुडवायची असेल किंवा ऑस्ट्रेलियातल्या सुमारे 1,850 किलोमीटरच्या कॅनिंग स्टॉक रूटवर उतरायचं असेल, तर आधी दुसराच प्रश्न विचारावा लागतो. ही वस्तू बिघडेल तेव्हा कशी बिघडेल? हळूहळू, चाहूल देत, की एका क्षणात? आणि बिघडल्यावर जवळच्या हत्यारांनी तिथल्या तिथे ती धकवता येईल का? खालच्या सगळ्या जोड्या मी याच कसोटीवर पाहिल्या आहेत. वजनाचा विचार त्यानंतर.

कॅरियर-पॅनिअर की सायकलला बांधायच्या बॅगा

पॅनिअर म्हणजे कॅरियरच्या बाजूंना लटकणाऱ्या पिशव्या. त्यांचा फायदा उघड आहे: जागा. मागच्या दोन पॅनिअरमध्ये साधारण 40 लिटर सामान बसतं, भरणं-काढणं सोपं असतं, आणि आठ-दहा दिवसांचं अन्न एकदम घेऊन निघायचं असेल तर त्याला फारसा पर्याय नाही. तोटा कळतो तो रस्ता खराब झाल्यावर. पन्हाळी पत्र्यासारख्या लाटा पडलेल्या कच्च्या रस्त्यावर प्रत्येक दणका कॅरियरच्या बोल्टवर येतो. एम5 मापाचे ते बोल्ट आधी सैल होतात, एखादा गळून पडतो, उरलेल्यांवर जादा भार येतो आणि मग एक भोकातच तुटतो. तुटलेला तुकडा फ्रेमच्या आटेदार भोकात राहिला की तो काढणं रस्त्यावर जवळपास अशक्य असतं. म्हणून कॅरियर घ्यायचाच तर स्टीलचा घ्या, बोल्टला आटे धरून ठेवणारं द्रव्य लावा आणि रोज संध्याकाळी प्रत्येक बोल्टवर पाना फिरवा. स्टीलला वेल्डिंग करणारा माणूस ट्रॅक्टर आणि ट्रक चालतात अशा कुठल्याही वस्तीत सापडतो. ॲल्युमिनियम जोडायला वेगळं यंत्र आणि वेगळा हात लागतो.

फ्रेमच्या त्रिकोणातली फ्रेम बॅग, सीटमागचा सीट पॅक आणि हँडलवर बांधायचा हँडलबारचा रोल या तिघांत मिळून 30 ते 40 लिटर जागा मिळते. सायकल अरुंद राहते, आणि निर्जन वाटांवर हे फार महत्त्वाचं ठरतं, कारण तिथे बराच वेळ सायकल ढकलावी लागते. पॅनिअर लावलेली सायकल चढावर ढकलताना प्रत्येक पावलाला पोटरी बॅगेवर आदळते, आणि दगडांच्या राशीवरून ती उचलून न्यायची म्हणजे आधी सगळं सोडवा, मग दोन खेपा करा. बॅगांचा बिघाडही तुलनेनं सौम्य असतो: उसवलेली शिवण, तुटलेलं बक्कल, झिजलेला पट्टा. जाड सुई, मेणाचा दोरा आणि दोन जादा पट्टे एवढ्यावर निभावतं. अपवाद फ्रेम बॅगच्या झिपचा. बॅग कोंबून भरली आणि धूळ बसली की झिपचे दात धरत नाहीत. ब्रशनं रोज धूळ झटका. स्लायडर ढिला झाला असेल तर पकडीनं दोन्ही बाजूंनी अगदी हलकेच दाबा, पुष्कळदा झिप पुन्हा धरते.

माझा कौल असा: दोन अन्नसाठ्यांमधलं अंतर पाच दिवसांपर्यंत असेल तर बॅगाच. त्याहून जास्त असेल तर पुढे बॅगा आणि मागे स्टीलचा कॅरियर, त्यावर लहान आकाराचे, पट्ट्यांनी घट्ट आवळता येणारे पॅनिअर. प्लॅस्टिकच्या हुकांवर लटकणारे मोठे पॅनिअर अशा रस्त्यावर उड्या मारत राहतात आणि हुक तुटतात. मोठा सीट पॅक घेणाऱ्यांनी त्याच्या तळाशी जड वस्तू सीटपोस्टकडे (सीटच्या दांड्याकडे) भरावी, नाहीतर उभं राहून पेडल मारताना तो शेपटासारखा डुलतो.

ट्यूबलेस की ट्यूब

काटेरी झुडपांच्या प्रदेशात ट्यूबलेसला, म्हणजे आत ट्यूब नसलेल्या टायरला, तोड नाही. टायरमध्ये ओतलेलं पातळ सीलंट बारीक भोकं चालता चालता बुजवतं, आणि 2.2 ते 2.4 इंची टायरमध्ये 20 पीएसआयच्या (हवेच्या दाबाचं माप) आसपास हवा ठेवून चालवता येतं. त्यामुळे खडीवर पकड मिळते आणि हातांना आराम. पण ट्यूबलेसचा बिघाड झाला तर मोठा होतो. टायरची कड रिमवरून सुटली तर ती परत बसवायला हवेचा एकदम जोराचा झोत लागतो आणि छोट्या हातपंपानं तो मिळेलच असं नाही. सीलंट कोरड्या, उष्ण हवेत दोन-तीन महिन्यांत वाळू शकतं, तेव्हा लांबच्या प्रवासात ते सोबत न्यावं लागतं.

म्हणजे ट्यूबलेस घेतलं तरी ट्यूब न्यायचीच आहे. आणि इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. दगडानं टायरची बाजू फाटली, आता ट्यूब घालून पुढे जायचं, असा प्रसंग येतो. आठवडाभर काटेरी वाटेवर चाललेल्या टायरच्या आत डझनांनी काट्यांची टोकं रुतलेली असतात, सीलंटनं ती गपचूप बुजवलेली असतात. तशीच ट्यूब घातली तर ती काही मिनिटांत चाळण होते. आधी टायर पूर्ण उलटा करा, आतून कापडाचा बोळा फिरवा. तो जिथे अडेल तिथला काटा पकडीनं ओढून काढा. बोट फिरवू नका, काटे ते फाडतील. मग फाटलेल्या जागी आतून जाड तुकडा लावा (जुन्या टायरचा कापलेला तुकडा उत्तम), चीर मोठी असेल तर आधी चार-पाच टाके घाला, आणि मगच ट्यूब. या कामाला अर्धा तास लागतो आणि तो सावलीत द्यावा.

सुटी ट्यूब कुठली? टीपीयू या लवचीक प्लॅस्टिकची ट्यूब साध्या रबरी ट्यूबच्या निम्म्याहूनही हलकी असते आणि मुठीत मावते, पण तिला नेहमीचं सोल्युशन आणि पॅच चिकटत नाहीत, तिचे वेगळे पॅच लागतात. मी एक टीपीयू आणि एक रबरी अशी जोडी सुचवेन. रबरीला जगात कुठेही पॅच लागतो.

मऊ वाळू किंवा बर्फ हा बहुतांश रस्ता असेल तर हा वादच बाजूला पडतो. तिथे 4 इंच किंवा त्याहून रुंद टायरची फॅट बाइक हवी, हवा पाच ते आठ पीएसआय. थोडी वाळू मधे मधे लागणार असेल तर मात्र ढकलणं परवडतं.

गिअर आणि ब्रेक

डिरेलर म्हणजे चेन एका दातेरी चाकावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग. त्याची खोड म्हणजे तो उघड्यावर लटकतो. सायकल आडवी पडली की त्याचा हँगर, म्हणजे त्याला फ्रेमशी जोडणारा छोटा तुकडा, वाकतो किंवा तुटतो. हँगर प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो, वाटेत मिळणार नाही, पण खिशात मावतो. दोन न्या. बाकी चेन, केबल, जोडकड्या हे सगळं स्वतः बदलता येतं. रोलॉफ कंपनीच्या 14 गिअरच्या हबमध्ये सगळे गिअर मागच्या चाकाच्या मध्यभागी बंद डब्यात असतात, तो चिखल-धुळीला दाद देत नाही, 526 टक्के पल्ला देतो (सगळ्यात जड गिअर सगळ्यात हलक्याच्या 5.26 पट), आणि दर 5,000 किलोमीटरला तेल बदललं की बहुधा कुरकुर करत नाही. पण तो आतून बिघडला तर रस्त्यावर तुमच्या हातात काही नाही. बिघडण्याची शक्यता फार कमी, बिघडल्यास उपाय शून्य. काही महिन्यांच्या प्रवासाला मी हब घेईन, दोन-चार आठवड्यांच्या मोहिमेला डिरेलर. एवढ्या कमी दिवसांसाठी हबचा खर्च आणि वजन वसूल होत नाही.

ब्रेकच्या बाबतीत डिस्क हवी, म्हणजे चाकाच्या मध्यावरच्या चकतीला धरणारा ब्रेक, यावर फारसं दुमत नाही. हायड्रॉलिकचा, म्हणजे द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकचा, हात हलका, लांब उतारांवर बोटं दुखत नाहीत. केबलच्या डिस्कला सुटी केबल कुठेही मिळते. हायड्रॉलिकची नळी तुटली तर ती बाजू गेली. तरीही मला हायड्रॉलिक मान्य आहेत, कारण नळी तुटणं विरळा आणि पॅड संपणं नेहमीचं. ओल्या बारीक वाळूत मऊ रेझिनचे पॅड काही दिवसांतच धातूपर्यंत झिजू शकतात. धातुमिश्रित सिंटर्ड पॅड न्या आणि दोन जोड जादा ठेवा. चाक काढलेलं असताना ब्रेक दाबायचा नाही, हे सोबत्यांनाही सांगून ठेवा.

तंबू आणि झोप

स्वतःच्या काठ्यांवर उभा राहणारा तंबू की खुंट्यांनी ताणून उभा करायचा? दुसरा हलका, पण खडकावर, कडक मिठावर किंवा भुसभुशीत वाळूत खुंटी धरत नाही. पिशवीत वाळू भरून, तिला दोरी बांधून पुरणं हा उपाय चालतो, पण दमलेल्या संध्याकाळी वाऱ्यात तो करणं जिकिरीचं असतं. पॅटागोनिया किंवा आइसलँडच्या वाऱ्यात बुटका, जादा दोऱ्या बांधता येणारा तंबू घ्या, अर्धा किलो जास्त भरला तरी. खरेदीआधी एक माप बघायला विसरू नका: घडी केलेल्या काठीची लांबी. ती 30 सेंटिमीटरच्या आसपास असेल तर वळणदार हँडलच्या मधे बसते, 45 असेल तर अडते.

स्लीपिंग बॅगमध्ये पिसांची की कृत्रिम भरणाची, हे ओलावा ठरवतो. कोरड्या थंडीत पिसांची बॅग हलकी आणि छोटी, बेलाशक घ्या. सतत पाऊस आणि दव असलेल्या प्रदेशात भिजलेली पिसं चिकटतात आणि ऊब देणं थांबवतात. कृत्रिम भरण ओलं झालं तरी थोडीफार ऊब धरतं. बॅगवर छापलेल्या आकड्यांपैकी ‘कम्फर्ट’चा आकडा बघा, ‘लिमिट’चा नाही. लिमिट म्हणजे अंग आक्रसून कशीबशी काढलेली रात्र.

मॅटबद्दल माझं मत पक्कं आहे. हवेची मॅट उबदार असते, आर-मूल्य (जमिनीची थंडी अडवण्याचं माप) 4 च्या पुढे सहज जातं, पण एक काटा आणि तुम्ही थंड जमिनीवर. फोमची मॅट 2 च्या आसपास अडकते, तिला मात्र काहीच होत नाही. दोन मॅट एकावर एक टाकल्या तर आर-मूल्यांची बेरीज होते, म्हणून कडक थंडीत पातळ फोम खाली आणि हवेची वर. हवेची भोकावली तरी रात्र निभावते.

पाणी

इथे चुकलं तर बाकीचं सामान निरुपयोगी. पोकळ तंतूंचा पिळायचा फिल्टर जलद आहे, हलका आहे, जिवाणू आणि जिआर्डियासारखे परजीवी अडवतो. दोन गोष्टी तो करत नाही: विषाणू अडवणं आणि पाण्यातले क्षार किंवा जड धातू काढणं. आणि त्याचा बिघाड दिसत नाही. एकदा भिजलेला फिल्टर रात्री गोठला तर आतले तंतू तडकू शकतात. सकाळी पाणी नेहमीसारखं वाहतं, कदाचित जरा जास्तच भराभर, आणि तुम्हाला वाटतं सगळं ठीक आहे. गोठणाऱ्या रात्री फिल्टर स्लीपिंग बॅगमध्ये, अंगाजवळ. तो गोठला अशी शंका जरी आली तरी टाकून द्या.

क्लोरीन डायऑक्साइडच्या गोळ्या विषाणूंवरही चालतात आणि त्यांना बिघडायला काही भागच नाही. पण क्रिप्टोस्पोरिडियम हा चिवट परजीवी मारायला चार तास लागतात, गार आणि गढूळ पाण्यात जास्तच. उकळणं सगळ्यात खात्रीचं: खळखळून एक मिनिट, 2,000 मीटरच्या वर तीन मिनिटं. त्याला इंधन लागतं. माझी मांडणी: रोजच्याला फिल्टर, त्याच्या पाठीशी गोळ्यांचं एक पाकीट. गुरं चरतात किंवा वर वस्ती आहे अशा पाण्याला दोन्ही. वाळवंटात शुद्धीकरणापेक्षा साठा मोठा प्रश्न असतो. रिकाम्या झाल्यावर घडी होणाऱ्या पिशव्यांत 8 ते 10 लिटरची सोय ठेवा, आणि इतकं वजन लादून सायकल वळते कशी हे निघण्याआधी एकदा पाहा.

स्टोव्ह

गॅसचा स्टोव्ह 100 ग्रॅमच्या आत मिळतो आणि लगेच पेटतो. त्याच्या मर्यादा दोन. त्याचा आटेदार कॅनिस्टर (गॅसचा डबा) विमानात नेता येत नाही, म्हणजे पोहोचल्यावर तो मिळेल याची आधी खात्री हवी. दुसरी थंडीची: साधं ब्यूटेन उणे अर्ध्या अंशाला बाष्प होणं थांबवतं, आयसोब्यूटेन उणे 12 च्या आसपास, प्रोपेन उणे 42 ला. स्वस्त कॅनिस्टरमध्ये पहिलंच जास्त असतं. पेट्रोलवरही चालणारा स्टोव्ह जड, काजळी करणारा, पेटवायला सराव लागणारा. पण जिथे मोटारसायकल पोहोचते तिथे त्याचं इंधन मिळतं, आणि त्याची नळी, वॉशर, जेट सगळं उघडून साफ करता येतं. लांब आणि थंड वाटेला मी हाच नेतो. वापरलेला असेल तर उड्डाणाआधी विमान कंपनीला विचारा, इंधनाचा वास आला तर तो काढून ठेवतात.

वीज आणि अडचणीतला संदेश

चाक फिरताना वीज तयार करणारा डायनॅमो हब आकर्षक वाटतो, पण तो पुरेशी वीज साधारण 15 किलोमीटर वेगाच्या पुढे देतो. दिवसभर सहा-आठच्या वेगानं चढणाऱ्या माणसाला त्याचा उपयोग दिव्यापुरता. अशा वाटेला 20,000 एमएएचची पॉवर बँक जास्त भरवशाची. ती 74 वॅट-तासांची होते, विमानातल्या नेहमीच्या 100 च्या मर्यादेत, मात्र हातातल्या बॅगेतच न्यावी लागते. शून्याखाली लिथियम बॅटरी चार्ज करू नका, आधी ती गरम होऊ द्या.

संदेशासाठी दोन पर्याय. 406 मेगाहर्ट्झचा पीएलबी (पर्सनल लोकेटर बीकन) वर्गणीशिवाय चालतो, बॅटरी वर्षानुवर्षं टिकते आणि एकच काम करतो: संकटाचा संकेत. उपग्रह संदेशयंत्राला वर्गणी आणि चार्जिंग लागतं, पण दोन्हीकडून बोलता येतं. हाड मोडलंय की फक्त उशीर झालाय, हे सांगता येणं बचाव करणाऱ्यांसाठी फार मोलाचं असतं, म्हणून एकच घ्यायचं असेल तर मी संदेशयंत्र घेईन. एकट्यानं जाणाऱ्यानं झेपत असेल तर दोन्ही. काही देशांत उपग्रह यंत्र परवानगीशिवाय जवळ बाळगणं गुन्हा आहे, तेव्हा तिथला नियम तिकीट काढण्याआधी पाहा. पीएलबी नोंदवून घ्या, आणि यंत्र बॅगेत ठेवू नका. दरीत पडलात तर सायकल एकीकडे आणि तुम्ही दुसरीकडे असाल. ते अंगावरच्या खिशात, झिप लावून.