देवबागची खोली आणि नकाशावरचा खोटा नंबर

डिसेंबरात कोकणात जायचं ठरवत असाल, तर खोलीचे पैसे पाठवण्याआधी हे वाचा. आमचे १८,००० रुपये गेले. त्याहून जास्त लागलं ते हे, की सत्तरी ओलांडलेल्या सासूबाईंना रात्री साडेनऊला अनोळखी अंगणात बॅगेवर बसून राहावं लागलं.

बेत पाच दिवसांचा. पुण्याहून गाडीने गणपतीपुळे, दुसऱ्या दिवशी विजयदुर्ग बघून देवबागला दोन रात्री, मग वेंगुर्ल्याला एक मुक्काम आणि परत. देवबागचा हट्ट माझा. एकीकडे कर्ली नदी, दुसरीकडे समुद्र आणि मधे माडांची चिंचोळी पट्टी. सासूबाईंना तिथून सिंधुदुर्ग किल्ल्यावर न्यायचं होतं. नाताळच्या सुट्टीत खोल्या मिळत नाहीत, म्हणून आम्ही घाईत होतो. ही घाई आम्हाला फसवणाऱ्या माणसाने बरोबर ओळखली.

गुगल मॅपवर एक घरगुती निवास सापडलं. फोटो खरे, लोकांनी लिहिलेले अनुभव खरे, घरही खरं. खोटा होता फक्त फोन नंबर. नकाशावरची माहिती बदलायची सूचना कोणीही पाठवू शकतं, हे मला माहीतच नव्हतं.

फोन लगेच उचलला. "वयस्कर कोणी आहे का? मग तुम्हाला खालची खोली देतो," असं तो आपणहून म्हणाला, आणि मी तिथेच विश्वास टाकला. तीन खोल्या, दोन रात्री, १२,००० रुपये, निम्मे आगाऊ. यूपीआयवर ६,००० पाठवताना पडद्यावर भलतंच नाव आलं. विचारलं, तर म्हणाला, "अकाउंटंटचं खातं आहे." तिथेच थांबायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी म्हणे सिस्टीममध्ये निम्मी रक्कम बसत नाही, पूर्ण १२,००० एकदम पाठवा, आधीचे परत करतो. पाठवले. मग परताव्यासाठी क्यूआर कोड आला: स्कॅन करा, पिन टाका. माझ्या नवऱ्याने मला अडवलं. पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन टाकला की आपल्याच खात्यातून जातात. फोनवरचा माणूस शांतपणे म्हणाला, "राहू द्या, आलात की रोख देतो." आणि आम्ही वीस दिवस निर्धास्त राहिलो.

देवबागला पोचलो तेव्हा घरच्या काकी कंदील घेतल्यासारखा मोबाइलचा उजेड धरून बाहेर आल्या. "तुमचा बुकिंग आमच्याकडे नाय ओ. ह्या म्हयन्यात तुमी तिसरे." त्यांच्या सगळ्या खोल्या भरलेल्या. तरी त्यांनी आम्हाला कुळथाची पिठी आणि भात वाढला, चार घरी फोन करून दोन खोल्या मिळवून दिल्या. त्यांचं ऋण फिटणार नाही.

त्याच रात्री सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला, सायबर पोर्टलवर तक्रार नोंदवली. व्यवहाराचा क्रमांक विचारतात, तो हाताशी ठेवा. खात्यातून पैसे पुढे जाण्याआधी कळवलं तर बँकेला ते अडवता येतात. आमच्या बाबतीत वीस दिवस उलटले होते, खातं रिकामं होतं.

आता मी कुठेही खोली ठरवताना आधी व्हिडिओ कॉल करते आणि अंगण, दारावरची पाटी दाखवायला सांगते. खऱ्या मालकाला त्याचं काही वाटत नाही.

काकींच्या मुलाने नकाशावरचा नंबर दुरुस्त करून घेतला. गेल्या आठवड्यात पाहिलं, तर तिथे पुन्हा तिसराच नंबर आला होता. मी त्याला लगेच कळवलं.