फ्रिजमधला पाण्याचा फिल्टर: सांगलीच्या पाण्यावर सोळा महिने

२०२३ च्या दिवाळीत आम्ही डिस्पेन्सरवाला साइड बाय साइड फ्रिज घेतला. आम्ही विश्रामबागला राहतो. घरात पाच माणसं, प्यायला महापालिकेचं पाणी. फ्रिजमधल्या फिल्टरचं कार्ट्रिज, म्हणजे काढून बदलायची नळी, आता चौथं चालू आहे. त्यातलं एक डुप्लिकेट निघालं, एक पावसाळ्यात वेळेआधीच तुंबलं. पैसे गेले, मनस्तापही झाला. तसा फ्रिज घेणाऱ्यांचं तेवढं तरी वाचावं म्हणून सविस्तर लिहिते आहे.

पहिली अडचण फिल्टरची नव्हतीच, ती होती दाबाची. डेमोला आलेला मुलगा पाइप जोडून गेला आणि डिस्पेन्सरमधून पाणी आलं ते सुतासारखं. एक ग्लास भरायला दोन-अडीच मिनिटं लागायची. बर्फाचे तुकडे अर्धवट, पोकळ निघायचे. मी कंपनीला फोनवर फोन केले. शेवटी आमच्या नेहमीच्या प्लंबरने गच्चीवर जाऊन टाकी बघितली आणि खाली येऊन म्हणाला, "वहिनी, पंप बसवल्याबिगर हे चालायचं नाही. टाकीला दाबच नाही." पुस्तिका काढून वाचली तर स्पष्ट छापलेलं होतं की कमीत कमी २० पीएसआय (दाब मोजायचं एकक) दाब हवा. दहा फूट उंचीच्या पाण्याला साधारण ४.३ पीएसआय दाब मिळतो. आमची टाकी फ्रिजपासून पंधरा फूट वर, म्हणजे साडेसहाच्या आसपास. २० पीएसआय हवा असेल तर टाकी ४६ फुटांवर पाहिजे! बैठ्या घरात ते कुठून जमणार? मग आरओच्या मशिनला असतो तसला छोटा पंप प्रेशर स्विचसकट बसवला, आणि त्या दिवसापासून धार सरळ झाली. दुकानात हे कुणीच विचारत नाही. तुम्ही फ्रिज घ्यायच्या आधी टाकीची उंची तेवढी मोजा.

आता मुख्य गोष्ट, कारण इथेच बहुतेकांची समजूत चुकते, माझीही चुकली होती. फ्रिजचा फिल्टर म्हणजे आरओ नव्हे. आत दाबून बसवलेला कार्बन असतो. तो क्लोरीन ओढतो, वास आणि चव सुधारतो, बारीक गाळ अडवतो. पाण्यातले क्षार तो काढत नाही. माझ्याकडे टीडीएस मीटर आहे, पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला किती मिलिग्रॅम ते दाखवणारं. नळाच्या पाण्याला २१० आणि फिल्टरच्या पाण्याला २०८ दाखवलं, तेव्हा मला वाटलं फिल्टरच खराब आहे. तसं नव्हतं, ते त्याचं कामच नाही. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात, आयएस १०५०० मध्ये, टीडीएसची इष्ट मर्यादा ५०० आहे, म्हणजे आमच्या पाण्याला आरओची गरजच नव्हती. माझ्या नणंदेकडे कुपवाडला बोअरचं पाणी आहे, टीडीएस ९०० च्या वर. तिने हा फिल्टर लावून काही साधणार नाही. तिला आधी आरओ लागेल, आणि आरओचं पाणी फ्रिजला जोडलं तर कार्ट्रिज काढून तिथे बायपास प्लग, म्हणजे पाणी न गाळता तसंच पुढे सोडणारं बूच, बसवला तरी चालतं. प्लग सोबत आलाय का ते खोका उघडतानाच बघून ठेवा. आमचा खोका टाकून दिल्यावर दीड महिन्याने आठवण झाली.

कार्ट्रिजच्या खोक्यावर एनएसएफ ४२ आणि एनएसएफ ५३ असे आकडे असतात, एनएसएफ या अमेरिकन संस्थेच्या मानकांचे. ४२ म्हणजे क्लोरीन, चव, वास. ५३ म्हणजे शिसं, सिस्ट (कवचातले सूक्ष्म परजीवी) असल्या आरोग्याला घातक गोष्टी, पण त्यातली नेमकी कोणती कमी होते ते त्या मॉडेलच्या कागदावर वाचावं लागतं. नुसतं '५३' दिसलं म्हणून सगळं आलं असं नाही. आणि त्याच कागदावर असंही असतं की ज्या पाण्याचं निर्जंतुकीकरण झालेलं नाही ते यातून गाळून पिऊ नका. सांगलीकरांनी हे वाक्य दोनदा वाचावं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैत नदी शहरात शिरली होती. तसले दिवस पुन्हा आलेच तर फ्रिजचा कॉक बंद करायचा, पाणी उकळूनच प्यायचं आणि पुरवठा नीट सुरू झाल्यावर नवीन कार्ट्रिज घालायचं, हे आमच्या घरात आता ठरलेलं आहे.

डुप्लिकेटची गोष्ट. २०२४ च्या मे महिन्यात फ्रिजवरचा दिवा लाल झाला. अस्सल कार्ट्रिज तीन हजारांच्या वर जात होतं. ऑनलाइन तसंच दिसणारं, तोच नंबर छापलेलं, साडेआठशेला मिळालं. बसलंही बरोबर. आठवड्याभरात सासूबाई म्हणाल्या, "बर्फाला औषधाचा वास मारायलाय बघ." मी आधी फ्रीझरमधल्या मसाल्यावर ढकललं. वास हटेना. तेव्हा माझा आतेभाऊ आला होता. तो तासगावकडच्या एका ग्रामपंचायतीत पाणीपुरवठ्याचं काम बघतो, गाडीच्या डिकीत ओटी टेस्टची, म्हणजे पाण्यात क्लोरीन असला की पिवळा रंग दाखवणाऱ्या थेंबांची, डबी कायम असते. "ताई, एकदा ओटी करून बघूया की," म्हणाला. दोन नळ्या घेतल्या, एकीत नळाचं पाणी, दुसरीत फ्रिजचं, दोन्हींत थेंब टाकले. दोन्ही नळ्या सारख्याच पिवळ्या झाल्या. म्हणजे क्लोरीन जसाच्या तसा पलीकडे येत होता, कार्ट्रिज नुसता पाइप झालं होतं. मग स्वयंपाकघरातल्या काट्यावर जुनं अस्सल आणि हे, दोन्ही निथळून ठेवलं. हे जवळजवळ निम्म्या वजनाचं भरलं. विकणाऱ्याने पैसे परत दिले नाहीत. नवीन अस्सल आणल्यावर तीच टेस्ट केली तर फ्रिजच्या पाण्याची नळी काचेसारखी पांढरी राहिली. ही टेस्ट खरंच करून बघा, फक्त थेंब टाकलेलं पाणी ओतून द्यायचं, ते पोटात जाता कामा नये.

त्यातच जुलै आला. कृष्णा चढली की नळाला चहासारखं नाही तरी ताकासारखं पाणी येतंच दोन-चार दिवस. ऑगस्टमध्ये घातलेल्या अस्सल कार्ट्रिजची धार तीन आठवड्यांत मंदावली. प्लंबरने मग पंपाच्या आधी पाच मायक्रॉनची साधी स्पन कँडल (बारीक गाळ अडवणारी दोऱ्यांची नळी) बसवली, पांढऱ्या बाऊलमधली. पंधरा दिवसांनी बाऊल उघडला तर कँडलचा रंग घाटावरच्या गाळाचा झाला होता, आणि बोट लावलं तर लोण्यासारखा थर हाताला आला. तो सगळा आधी तीन हजारांच्या कार्बनमध्ये जाऊन बसत होता. कँडल दीड-दोनशे रुपयांना येते. पावसाळ्यात महिन्याला बदलते, एरवी तीन महिन्यांनी. धार थोडी सुधारली, पण ते कार्ट्रिज जानेवारीत काढावंच लागलं.

फ्रिजमधला लाल दिवा नुसते दिवस मोजतो, निदान आमच्यातला तरी. सहा महिने झाले की लागतो. पाणी किती गेलं ते त्याला कळत नाही. कार्ट्रिजची क्षमता २०० गॅलन, म्हणजे साधारण ७५० लिटर. आम्ही रोज पाच लिटर घेतो, त्या हिशेबाने १५० दिवसांत, पाच महिन्यांतच ते भरतं. त्यामुळे मी दिव्याची वाट बघत नाही. सुट्टीत आठ-दहा दिवस गावाला गेलो असू तर परतल्यावर पहिलं चार-पाच लिटर पाणी कुंड्यांना घालते, कारण क्लोरीन निघून गेलेलं पाणी आत तसंच साचून राहिलेलं असतं.

बदलणं अगदी सोपं आहे. आधी डिस्पेन्सरमधून पेलाभर पाणी काढून दाब उतरवायचा. खाली जाड टॉवेल टाकायचा, वाटीभर पाणी सांडतंच. जुनं कार्ट्रिज डावीकडे पाव फेरा फिरवून ओढायचं. नव्याची लाल टोपी काढायची, काळी रिंग जागेवर आहे का बघायचं, तिला नुसतं पाणी लावायचं, तेल नाही. मग आत सरकवून खट्ट होईपर्यंत उजवीकडे. पहिल्या वेळी माझी रिंग मुडपली होती आणि रात्रभर थेंब थेंब पाणी भाजीच्या ड्रॉवरमध्ये उतरलं, सकाळी मेथी पोहत होती. बसवल्यावर पाणी सोडलं की आधी फुस्स करून हवा येते, मग राखाडी पाणी. तो कार्बनचा चुरा, घाबरायचं नाही. पुस्तिकेत चार गॅलन, म्हणजे १५ लिटर सोडायला सांगितलंय. मी बादली लावून मोजून तेवढं सोडते, मगच प्यायला घेते. पहिल्या दिवसाचा बर्फही टाकून देते.

सध्याचं कार्ट्रिज जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात घातलं. तारीख मार्करने कार्ट्रिजवरच लिहिली आहे, कँडलच्या बाऊलवर वेगळी चिकटपट्टी. सासूबाई अजून माठातलंच पाणी पितात, पण माठ आता फ्रिजच्या नळाने भरून घेतात. जूनआधी कँडल दोन आणून ठेवायच्या आहेत.